पॉप-अपच्या रांगेत पुढे कोण?

फोन हातात आहेच, तर एसएमएसची यादी उघडून बघा. बँक, गॅस एजन्सी, कपड्यांचं दुकान यांच्या मेसेजवर पाठवणाऱ्याचं जे आखूड नाव असतं, त्याच्या शेवटी एक आडवी रेघ आणि एक इंग्रजी अक्षर दिसेल: पी, एस, टी किंवा जी. पी म्हणजे प्रमोशनल, सरळ जाहिरात. एस म्हणजे सर्व्हिस, तुम्ही घेतलेल्या सेवेबद्दल काहीतरी. टी म्हणजे ट्रान्झॅक्शन, ओटीपी वगैरे. जी म्हणजे सरकारी. ट्रायने २०२५ साली नियम बदलले, तेव्हापासून ही अक्षरं आली. मला ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होते आणि माझा चहा तसाच राहिला. कारण नेमकी हीच वाटणी मी आमच्या ॲपमध्ये केली नव्हती, आणि त्यापायी एका माणसाचा आरोग्य विमा बंद पडला होता.

विम्याचे हप्ते भरायच्या एका ॲपवर मी काम करत होते. ॲप उघडल्या उघडल्या स्क्रीनच्या मधोमध जो चौकोन येतो आणि ज्याची फुली शोधण्यात तुमचे दोन-तीन सेकंद जातात, तो कुणाला, कधी आणि कितीदा दाखवायचा हे ठरवणारा कोड माझा. नियम साधे होते. एका माणसाला एका दिवसात एकच पॉप-अप. रांगेत जास्त असतील तर ज्याचा प्रायॉरिटीचा आकडा लहान तो पुढे. १ सगळ्यात आधी, ५ सगळ्यात शेवटी. दोन सीनियर लोकांनी कोड तपासला, सगळ्या टेस्ट पास झाल्या.

दिवाळी झाल्यावर सपोर्ट टीमने एक ईमेल माझ्याकडे ढकलला. एकसष्ट वर्षांचे एक निवृत्त गृहस्थ. त्यांनी बँकेचं खातं बदललं, त्यामुळे हप्ता आपोआप वळता व्हायची सोय तुटली, हप्ता गेला नाही, वरचे सवलतीचे दिवसही संपले आणि पॉलिसी बंद झाली. पुन्हा काढता येत होती, पण नवी म्हणून. मधुमेहासाठीचा वेटिंग पीरियड पुन्हा पहिल्या दिवसापासून. एसएमएस गेले होते, पण जुन्या नंबरवर. त्यांनी मराठीत दोनच वाक्यं लिहिली होती. मी ॲप उघडत होतो. त्यात तुम्ही काही सांगितलं नाहीत.

मी लॉग काढले. त्या महिन्यात त्यांनी चार वेळा ॲप उघडलं होतं. पहिल्यांदा दिवाळी ऑफर. दुसऱ्यांदा ‘आमच्या ॲपला पाच तारे द्या’. तिसऱ्यांदा ‘मित्राला बोलवा, दोघांनाही कॅशबॅक’. चौथ्यांदा परत दिवाळी ऑफर. ‘तुमचा हप्ता जमा झालेला नाही’ हा मेसेज चारही वेळा रांगेत उभा होता. त्याचा आकडा ५, कारण तो बनवताना कुणी आकडा भरलाच नव्हता, आणि रकाना रिकामा असेल तर ५ धरायचं हे मीच लिहिलं होतं. मार्केटिंगच्या प्रत्येक मेसेजवर मात्र १ होता. तो रकाना भरणं त्यांच्याच हातात होतं, मग त्यांनी दुसरं काय भरायचं?

‘कोडमध्ये बग नाही’ असं मी मीटिंगमध्ये म्हणाले. ते खरं होतं. अजूनही ते वाक्य आठवलं की नको वाटतं.

त्यानंतरचे कितीतरी रविवार मी एकच गोष्ट शोधत बसले: हे दोन आकडे, प्राधान्य आणि वारंवारता, आमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये आले कुठून? हळूहळू लक्षात आलं की दोघांची घराणी वेगळी आहेत. एक तारयंत्राच्या घरचा, दुसरा जाहिरातीच्या. आम्ही दोघांना एकाच खोलीत कोंडलं होतं.

आधी प्राधान्याचं. तारेच्या एका वायरवरून एका वेळी मोजकेच संदेश जाणार, त्यामुळे आधी कुणाचा हा प्रश्न तारेच्या जन्मापासूनचाच. वायरलेस आल्यावर वायर गेली, पण ऐकणारा कान एकच राहिला. या कानाची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीची आहे. टायटॅनिक म्हटलं की आपल्याला सिनेमा आठवतो. मला आता जॅक फिलिप्स आठवतो.

फिलिप्स हा जहाजावरचा मुख्य वायरलेस ऑपरेटर, वय २५. त्याचा मदतनीस हॅरल्ड ब्राइड २२ वर्षांचा. दोघेही मार्कोनी कंपनीचे नोकर. जहाज व्हाइट स्टार लाइनचं, पण वायरलेसची खोली मार्कोनीची. आणि त्या खोलीचा धंदा मुख्यतः प्रवाशांच्या खासगी तारांचा होता. श्रीमंत प्रवाशांना समुद्रातून तार पाठवायची हौस, दर पहिल्या दहा शब्दांना साडेबारा शिलिंग. आदल्या रात्री यंत्र बिघडलं होतं. दोघांनी जागून ते दुरुस्त केलं, पण तोवर तारांचा ढीग साचला. १४ तारखेच्या रात्री न्यूफाउंडलंडचं केप रेस स्टेशन टप्प्यात आलं आणि फिलिप्स तो ढीग उपसायला बसला.

आपल्या भाषेत सांगायचं तर बॅकलॉग होता, सर्व्हर नुकताच वर आला होता आणि मुलगा झोपलेला नव्हता.

दिवसभर हिमनगांचे इशारे येत होते आणि त्यातले काही कॅप्टनपर्यंत पोहोचलेही. बाल्टिक जहाजाचा इशारा कॅप्टन स्मिथने व्हाइट स्टारचे प्रमुख ब्रूस इस्मे यांच्या हातात दिला आणि इस्मेनी तो खिशात ठेवला. (‘सीन’च्या निळ्या खुणा तेव्हा असत्या तर दोन्ही निळ्या झाल्या असत्या.) पण रात्री पावणेदहाच्या सुमारास मेसाबा जहाजाकडून आलेला इशारा ब्रिजवर गेलाच नाही. त्यात बर्फाच्या पट्ट्याचे अक्षांश-रेखांश होते, आणि टायटॅनिक त्या पट्ट्याच्याच दिशेने चाललं होतं.

का गेला नाही? एक कारण तीन अक्षरांचं आहे. एका कॅप्टनने दुसऱ्या कॅप्टनला पाठवलेल्या संदेशाच्या सुरुवातीला ‘एमएसजी’ लावायची पद्धत होती. मास्टर्स सर्व्हिस ग्राम. ती अक्षरं असली की संदेश कॅप्टनच्या हातात द्यायचा आणि त्याची पोच परत पाठवायची. मेसाबाच्या इशाऱ्यावर ती नव्हती. म्हणजे तो माझ्या भाषेत रिकाम्या रकान्याचा मेसेज होता, आणि त्याच्यासमोर पैसे भरलेल्या तारांचा गठ्ठा होता.

अकराच्या सुमारास जवळच उभ्या असलेल्या कॅलिफोर्नियन जहाजाच्या ऑपरेटरने, सिरिल इव्हान्सने, आम्ही बर्फात अडकून थांबलो आहोत असं कळवायचा प्रयत्न केला. जहाज इतकं जवळ होतं की त्याचा आवाज फिलिप्सच्या कानात धाडकन आदळला आणि केप रेसचं बोलणं बुडालं. फिलिप्सने त्याला गप्प केलं: मी कामात आहे, केप रेसशी बोलतोय. इव्हान्सने थोडा वेळ ऐकलं, साडेअकराच्या सुमारास यंत्र बंद केलं आणि झोपला. अकरा चाळीसला टायटॅनिक हिमनगावर आदळलं.

इथे मला फिलिप्सला खलनायक करायचं नाही. मेसाबाचा कागद वर गेला असता तर जहाज वाचलं असतंच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. बाकीचे इशारे असूनही वेग कमी झाला नव्हता. आणि आदळल्यानंतर हाच मुलगा शेवटपर्यंत मदतीचे संदेश पाठवत राहिला आणि बुडाला. त्याने रांग नियमाप्रमाणे चालवली. नियमात खोट होती. पैसे देणारा आणि धोका कळवणारा एकाच कानासाठी भांडत होते, आणि धोक्याच्या बाजूने फक्त तीन अक्षरं होती, तीही पाठवणाऱ्याला आठवली तर.

धडा मात्र लगेच घेतला गेला. अमेरिकेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रेडिओचा कायदा केला आणि संकटाच्या संदेशाला बाकी सगळ्यांवर हक्क दिला. १९१४ च्या आंतरराष्ट्रीय करारात प्रवासी जहाजांवर चोवीस तास कान लावून बसणं आलं. एसओएस आधीपासून होताच. पुढे त्याच्या खाली तातडीचा वेगळा आणि सुरक्षिततेचा वेगळा संकेत ठरला, आणि सगळ्यात शेवटी बाकीचं. हिमनगाच्या इशाऱ्याला स्वतःची पायरी मिळाली. प्रवाशांच्या तारा त्या शिडीवर तळाला.

आपल्याकडची तार याहून घरगुती. साधी तार आणि एक्स्प्रेस तार. एक्स्प्रेसला दुप्पट पैसे. मृत्यूची किंवा गंभीर आजाराची तार असेल तर तिच्यावर दोन एक्स, आणि ती सगळ्यांच्या आधी पोहोचवायची. घराघरांत ‘तार आली’ एवढं ऐकूनच बायका पदर तोंडाला लावत, मग कुणीतरी शिकलेलं माणूस ती वाचे आणि कधीकधी आत नोकरी लागल्याची बातमी निघे. लग्नाच्या आणि दिवाळीच्या शुभेच्छांसाठी छापील वाक्यांना नंबर दिलेले होते, त्यामुळे वायरवरून नुसता नंबर जाई आणि शुभेच्छा स्वस्तात पोहोचत. माझ्या डोक्यात घर करून राहिलं ते हे, की दिवाळीची शुभेच्छा आणि मरणाची बातमी एकाच खात्यातून, एकाच पोस्टमनच्या हातून जात होती, तरी दोघींची गल्लत होत नव्हती. १४ जुलै २०१३ ला लोकांनी आठवण म्हणून शेवटच्या तारा करायला तार ऑफिसांत रांगा लावल्या. मी तेव्हा शाळेत होते आणि मला त्यात काहीच विशेष वाटलं नव्हतं.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. घाई आहे असं म्हणायला पाठवणाऱ्याला पैसे पडत. जिथे पैसे नव्हते तिथे हुद्दा होता. अमेरिकी लष्कराचं ऑटोव्हॉन नावाचं टेलिफोनचं जाळं १९६० च्या दशकात उभं राहिलं. त्याच्या फोनवर नेहमीच्या बटणांच्या उजवीकडे चौथा उभा स्तंभ होता, लाल बटणांचा: प्रायॉरिटी, इमिजिएट, फ्लॅश आणि सगळ्यात वर फ्लॅश ओव्हरराइड. वरचं बटण दाबलं की खालच्या पायरीवरचं चालू बोलणं तोडून लाइन मिळे. पण बटण असलं तरी कोणती लाइन कुठवर जाऊ शकते हे आधीच ठरलेलं असे. कारकुनाने फ्लॅश दाबून भागणार नाही. त्या चार बटणांचे सूर आजही टेलिफोनच्या मानकात ए, बी, सी, डी म्हणून आहेत. तुमच्या-माझ्या फोनवर तेवढी बटणं नाहीत.

आता वारंवारतेचं घराणं. इथे तंगी कशाचीच नव्हती. छापणाऱ्याला कागद मिळत होता, टीव्हीला तास मिळत होते. प्रश्न होता की तीच जाहिरात कितीदा दाखवली की ती लागू पडते. हर्बर्ट क्रुगमन हे जनरल इलेक्ट्रिकमधले संशोधक. १९७२ साली त्यांनी एक लेख लिहिला, तीन वेळा दिसणं पुरेसं का असावं याबद्दल. म्हणणं असं: पहिल्यांदा माणूस विचारतो, हे काय आहे? दुसऱ्यांदा, याचं मला काय? तिसरी वेळ आठवणीची. चौथी अशी नसतेच. त्यापुढची प्रत्येक वेळ म्हणजे तिसरीच पुन्हा. हे माणसाच्या मनाबद्दलचं बोलणं होतं. जाहिरातवाल्यांनी त्यातून उचललं काय, तर ‘निदान तीनदा दाखवाच’. पुरेसं या शब्दाचा निदान झाला. आमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एका मोहिमेचा पॉप-अप एका माणसाला जास्तीत जास्त ३ वेळा, असा आकडा होता. हे ३ कुठून आलं असं मी मॅनेजरला विचारलं तर तो म्हणाला, इंडस्ट्री स्टँडर्ड आहे.

मोजायचं साधन नंतर आलं. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मॉन्टुली यांनी ब्राउझरची कुकी आणली, म्हणजे वेबसाइटला तुम्ही मघाशी येऊन गेलात हे आठवायची सोय. १९९६ ला डबलक्लिकसारख्या जाहिरात कंपन्या निघाल्या आणि एकाच ब्राउझरला एकच जाहिरात किती वेळा दाखवली हे मोजता येऊ लागलं. फ्रीक्वेन्सी कॅप ही इथली. वरवर ती वाचणाऱ्यावर दया वाटते. प्रत्यक्षात ती जाहिरात देणाऱ्याची बचत आहे: ज्याला चारदा दाखवून उपयोग नाही त्याच्यावर पाचव्यांदा पैसे कशाला घालवा.

आठवण नसलेला मेसेज कसा वागतो, ते बघायचं तर मायक्रोसॉफ्ट ऑफिस ९७ मधली ती डोळे मिचकावणारी पेपरक्लिप बघा. पत्र लिहायला घेतलं की ती उगवे आणि मदत हवी का विचारे. दहावं पत्र असलं तरी. त्यामागचं संशोधन, एरिक हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, चांगलं हुशार होतं; माणूस अडलाय की रमलाय याचा अंदाज घेण्याचं. बाजारात आलं ते त्याचं साधंसुधं रूप. २००१ च्या आवृत्तीत ती आपोआप यायची बंद झाली, २००७ मध्ये गेलीच.

मग फोन आला आणि दोन्ही घराणी एकाच छपराखाली आली. ॲपलची पुश नोटिफिकेशन २००९ ला सुरू झाली. २०१२ मध्ये अँड्रॉइड ४.१ ने ॲप बनवणाऱ्याला नोटिफिकेशनसाठी पाच पायऱ्या दिल्या, मिनिमम ते मॅक्सिमम. पायरी निवडणारा कोण? पाठवणारा. त्याला पैसे पडतात? नाही. हुद्दा बघतात? नाही. ऑटोव्हॉनचं लाल बटण प्रत्येक कारकुनाच्या टेबलावर ठेवल्यासारखं झालं. २०१७ ला अँड्रॉइड ८ मध्ये गूगलने तो कारभार मोडला. आता ॲपने आपले मेसेज वेगवेगळ्या चॅनलमध्ये वाटायचे, आणि चॅनल एकदा बनल्यावर त्याचं महत्त्व वाढवायचा हक्क ॲपकडे नाही. तो फोनच्या मालकाकडे. पाठवणाऱ्याने फक्त प्रकार सांगायचा, पायरी घेणारा ठरवणार. पुढच्याच ८.१ आवृत्तीत एक ॲप सेकंदाला एकापेक्षा जास्त वेळा आवाज करू शकणार नाही असा नियम आला. असा नियम लिहावा लागला, यावरून काय चाललं असेल ते समजा.

ॲपल वेगळ्या वाटेने गेलं. २०१८ पासून सायलेंटवर असतानाही वाजणारे क्रिटिकल अलर्ट आहेत, पण त्यासाठी ॲपलकडे अर्ज करून परवानगी काढावी लागते. २०२१ मध्ये आयओएस १५ ने चार पायऱ्या केल्या, त्यात तातडीची एक वेगळी. जाहिरातींबद्दल मात्र उलटी गंमत: आधी ॲप स्टोअरच्या नियमात पुशवरून जाहिरात करायला मनाई होती, २०२० मध्ये ग्राहकाने स्पष्ट होकार दिला तर चालेल असं झालं.

हे सगळं झालं नोटिफिकेशनचं, म्हणजे फोनच्या पडद्यावर येणाऱ्या मेसेजचं. तिथे गूगल किंवा ॲपल दारावर उभे असतात. ॲपच्या आतल्या पॉप-अपला हे दार नाही. आत कोण पुढे आणि कोण मागे, हे माझ्यासारखं कुणीतरी एखाद्या मंगळवारी दुपारी ठरवतं.

आणि ट्राय? सरकारी यंत्रणेला आपण हसतो, पण त्यांनी हा प्रश्न आमच्या आधी ओळखला होता. २०१० च्या नियमांत जाहिरातीच्या मेसेजना रात्री नऊ ते सकाळी नऊ बंदी होती. २०११ च्या सप्टेंबरमध्ये एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा आली, पुढे ती २०० झाली. पण त्यांनी ही मोजणी सरसकट सगळ्यांना लावली नाही. बँकेच्या व्यवहाराचे, तिकिटाचे मेसेज बाजूला काढले. जाहिरातीची मोजणी वेगळी, कामाच्या मेसेजची वाट वेगळी. त्यातून पळवाटा निघाल्या, जाहिराती सेवेचा मुखवटा घालून आल्या आणि १५ वर्षांनी नावापुढे अक्षर छापायची वेळ आली. पण वाटणी पहिल्यापासून होती. आमच्या ॲपमध्ये जाहिरातीची मर्यादा हप्त्याच्या मेसेजलाही लागत होती. दिवाळी ऑफरने दिवसाचा एक पॉप-अप खाल्ला की त्या दिवशी दुसरं काही नाही.

दुरुस्ती करायला मला चार दिवस लागले. दोन रांगा केल्या. खात्याबद्दलच्या मेसेजना मर्यादा नाही. हप्ता भरला की आपोआप निघून जाणार, तोवर दर वेळी दिसणार, आणि ते असताना दुसरं काहीच दिसणार नाही. रकाना रिकामा ठेवता येणार नाही. मार्केटिंगच्या रांगेत १ हा आकडा महिन्यातून दोनच वेळा वापरता येईल. म्हणजे एक्स्प्रेस तारेचे पैसे, दुसऱ्या चलनात. या शेवटच्या अटीवर सव्वा तास मीटिंग चालली. मार्केटिंगची मुलगी माझ्याच वयाची, तिचा मुद्दाही खोटा नव्हता: त्या ऑफरवर तिच्या टीमचं तिमाहीचं टार्गेट होतं, आणि हप्त्याच्या मेसेजचं टार्गेट कुणावरच नव्हतं. मी तिला फिलिप्सची गोष्ट सांगणार होते. नाही सांगितली. दोनचे तीन करून आम्ही उठलो.

त्या गृहस्थांना कंपनीने पत्र लिहिलं, दिलगिरीचं. पॉलिसी नवीच राहिली.

सहा आठवड्यांनी माझ्या नावावर एक तिकीट आलं. क्रिकेटच्या फायनलच्या दिवशी हप्ता भरणाऱ्यांना कॅशबॅक आहे, तर हा पॉप-अप खात्याच्या रांगेत टाकावा, कारण तो ग्राहकाच्या हप्त्याबद्दलच आहे. मी ते तिकीट अजून बंद केलेलं नाही. रोज सकाळी ते यादीत सगळ्यात वर असतं. भरणाऱ्याने प्रायॉरिटी १ दिली आहे.